छाननी कोण करते?

सध्या महाविद्यालयांतील विद्यार्थी कोणता मजकूर सर्वांत आस्थेने वाचतात, असा प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकांना केला, तर उत्तरादाखल एखाद्या कादंबरीचे वा कवितासंग्रहाचे नाव पुढे येईल. निदान नेमलेल्या पुस्तकावरील मार्गदर्शकाचे तरी येईलच. आमचे उत्तर निराळे आहे. प्रवेशाची धामधूम संपल्यापासून थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या वर्गातील बरीचशी मुले एकच मजकूर वाचत असतात. रोज वाचतात, काही वेळा दिवसातून तीन-चारदा वाचतात. हा मजकूर अवघ्या दोन शब्दांचा आहे : ‘अंडर स्क्रुटिनी’. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सद्यःस्थिती दाखवणाऱ्या पानावर तो उमटतो आणि कित्येक आठवडे तसाच राहतो. मजकूर बदलत नाही, वाचणारा मात्र बदलत जातो. पहिल्या महिन्यात तो आशेने वाचतो, तिसऱ्या महिन्यात सवयीने, आणि पुढे केव्हातरी वाचणेच सोडून देतो.

या मजकुराविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी काही बोलावे, असे आम्हांस वाटते. हा विषय कार्यालयाचा आहे, वर्गाचा नाही, असा आक्षेप येईल याची आम्हांला कल्पना आहे. तो आक्षेप आम्हीही अनेक वर्षे मनात बाळगला होता. त्याचे काय झाले, ते आधी सांगतो.

द्वितीय वर्षाच्या वर्गात व्याकरण चालू होते. प्रयोगविचार शिकवून झाला होता आणि आम्ही नेहमीच्या समाधानाने खडू खाली ठेवला होता. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर मोबाइल पुढे केला आणि विचारले, “सर, स्क्रुटिनी म्हणजे नेमकं काय?” आम्ही सांगितले, “छाननी.” तिने मान हलवली. मग म्हणाली, “ती कोण करतं?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ‘समाज कल्याण खाते करत असेल’ असे काहीसे आम्ही पुटपुटलो. तिने पुन्हा मान हलवली आणि ती गेली. उत्तर कळायला आम्हांला आणखी आठ दिवस लागले, आणि तेही सहज, कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी गेलो असता. तिचा अर्ज खात्याकडे पोहोचलाच नव्हता. तो आमच्याच महाविद्यालयाच्या लिपिकाच्या खात्यात चार महिने पडून होता. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती, म्हणून तो बाजूला ठेवला गेला होता. परत मात्र पाठवला नव्हता. परत पाठवला असता तर पडद्यावर तशी नोंद दिसली असती आणि तिने नवी प्रत जोडली असती. छाननी करणारा ‘कोण’ आमच्या वर्गापासून चाळीस पावलांवर बसत होता.

या चार महिन्यांत वसतिगृहाच्या मेसचे पैसे थकल्यामुळे ती गावाहून एसटीने ये-जा करू लागली होती. पहिली गाडी शहरात पोहोचेपर्यंत सकाळचा पहिला तास निम्मा संपलेला असे. तो तास आमचा होता. आम्ही हजेरीपटावर तिच्या नावापुढे नियमितपणे गैरहजेरी मांडत होतो.

इथे कोणा एका लिपिकाला दोष देण्याचा हेतू नाही. त्याच्या टेबलावर प्रवेशाची, परीक्षेची आणि निवडणुकीच्या कामांचीही ओझी होती. आमचे म्हणणे त्या वाक्याविषयी आहे, ज्याने चार महिने ही सगळी परिस्थिती झाकून ठेवली.

‘अर्ज छाननीखाली आहे.’ या वाक्याचे व्याकरण पाहा. यातील कर्ता ‘अर्ज’ हा आहे. जणू तो अर्ज स्वतःच्या पायांनी छाननीखाली जाऊन बसला आहे! शासकीय मराठीत याच कुळातील दुसरी रचना आहे, ती ‘-ण्यात येणे’ची : कळविण्यात येत आहे, नामंजूर करण्यात आला आहे, कार्यवाही करण्यात येईल. या रचनेत कर्ता सांगताच येत नाही असे नाही. ‘अमुक अधिकाऱ्याकडून’ असे दोन शब्द जोडले की काम होते. पण ते जोडले जात नाहीत. भाषेने दिलेली सोय ही व्यवस्थेची सवय होते, आणि सवयीचा पुढे नियम होतो. ‘अंडर स्क्रुटिनी’ या इंग्रजी तुकड्यात तर क्रियापदही उरलेले नाही. कर्ता नाही, क्रिया नाही, काळ नाही. जे उरते ती केवळ अवस्था, आणि अवस्थेला जाब विचारता येत नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा प्रवास मात्र अवस्थांचा नसतो. तो माणसांच्या हातांतून होतो. २०१५ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळ आले आणि २०१७ मध्ये राज्याचे ‘महाडीबीटी’. तेव्हापासून कागदाची जागा पडद्याने घेतली, तरी टप्पे राहिलेच. साधारणतः अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, तेथून प्राचार्यांकडे, मग संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे. मंजुरीनंतर देयक तयार होते आणि शेवटी रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँकखात्यात जमा होते. या शेवटच्या टप्प्यातही एक गोम आहे. एकाहून अधिक खाती असली, तर पैसे आधारशी सर्वांत शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात. विद्यार्थी मात्र अर्जासोबत ज्या पासबुकाची प्रत दिली तेच पासबुक भरून आणत राहतो. पडद्यावर रक्कम जमा, पासबुकात शून्य, आणि दोन्ही मजकूर आपापल्या जागी खरे! अशा वेळी विद्यार्थी कोणावर विश्वास ठेवणार? बहुधा तो स्वतःवरचाच विश्वास गमावतो. आपलेच काहीतरी चुकले असणार, असे त्याला वाटू लागते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राने २०२१ पासून आणखी एक बदल केला. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असे ठरले, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. तत्त्वतः हे योग्यच झाले. पैसे ज्याच्या नावाचे त्याच्या हाती पडतात. पण त्यामुळे एका अर्जाच्या दोन कहाण्या झाल्या. दोन वाटे, दोन वाटा, दोन वेळा. ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ही योजना आहे. अशा घरात आज आलेले पैसे आणि सहा महिन्यांनी आलेले पैसे यांची रक्कम सारखी असली तरी किंमत सारखी नसते. मधल्या काळात कोणाकडून तरी उसने घेतलेले असतात.

पूर्वीचे सारे चांगले होते, असा सूर आम्हांला लावायचा नाही. ज्यांनी कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहून ‘शिष्यवृत्ती आली का?’ असे विचारले आहे, त्यांना त्या खिडकीची आठवण गोड वाटण्याचे कारण नाही. फलकावर लागणाऱ्या याद्यांमध्ये नावापुढे प्रवर्ग लिहिलेला असे आणि तो सगळे महाविद्यालय वाचत असे. खिडकीतून ‘उद्या ये’ म्हटले जाई आणि त्या ‘उद्या’ची कुठेही नोंद राहत नसे. पडद्यावरच्या स्थितीने हा अपमान पुष्कळ कमी केला. अर्ज केल्याचा दिनांक आता कोणाला नाकारता येत नाही. रात्री अकरा वाजता, कोणापुढेही उभे न राहता, आपल्या अर्जाची चौकशी करता येते. हा लाभ लहान नाही. पण खिडकीपाशी निदान एक चेहरा होता. ‘उद्या ये’ असे कोण म्हणाले ते ठाऊक असे. पडद्याने अपमानाबरोबर कर्ताही पुसून टाकला. अपमान जावा आणि कर्ता राहावा, एवढेच आमचे मागणे आहे.

कर्ता स्पष्ट असलेली शिष्यवृत्ती कशी असते, याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा लेखी करार होता. त्या करारातील अटींविषयी आणि पुढे बडोद्यात जे घडले त्याविषयी बरेच बोलता येईल. पण कोण देणार, किती देणार, कुठवर देणार आणि मोबदल्यात काय मागणार, हे त्या कागदावर लिहिलेले होते. घेणारा आणि देणारा दोघेही त्या वाक्यात हजर होते. याच आंबेडकरांच्या प्रयत्नांनी, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिचीच वारस आहे. राजाच्या मर्जीची जागा शासनाच्या कर्तव्याने घेतली, ही फार मोठी प्रगती होती. त्या प्रगतीबरोबर देणारा अदृश्य व्हावा, असे मात्र कोठेही ठरलेले नव्हते.

दुसरे उदाहरण अर्जाच्या नामंजुरीचे आहे, आणि ते थेट मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमदानीत त्या निधीचे काय करावे असा प्रश्न उभा राहिला, आणि १८४९ मध्ये लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की त्यातील काही पैसा मराठीतील ग्रंथरचनेच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. पुढे दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. ते स्वीकारले गेले नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर अर्जाची स्थिती ‘नामंजूर’. फुले तेथे थांबले नाहीत. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी या नामंजुरीचा हिशेब मांडला आणि कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे कारण नोंदवून ठेवले. कमिटीच्या निर्णयात जो कर्ता दिसत नव्हता, तो फुल्यांनी स्वतःच्या ग्रंथात अठरा वर्षांनी परत आणून बसवला. नाटक पुढे शतकाहून अधिक काळ अप्रकाशित राहिले. ते वाक्य मात्र राहिले, आणि म्हणून आज आपल्याला नामंजुरीचा इतिहास ठाऊक आहे.

आम्ही हे उदाहरण वर्गात दरवर्षी सांगतो. ‘तृतीय रत्न’विषयी प्रश्नही काढतो. पण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे अर्ज त्याच क्षणी कोणत्या तरी निनावी टेबलावर आहेत, हे आम्हांला सुचले नाही. वाङ्मयेतिहास शिकवण्याची ही पद्धत काही खरी नव्हे.

‘शिष्यवृत्ती’ हा शब्दही थोडा पारखून पाहण्यासारखा आहे. वृत्ती म्हणजे उपजीविका. शिष्याच्या निर्वाहाची तरतूद ती शिष्यवृत्ती. वृत्ती म्हणजे मनाची धारणा, हाही अर्थ आहेच. विद्यार्थी महिनोन्‌महिने कारण न समजता थांबून राहिला, की पहिल्या वृत्तीच्या अभावी दुसरी घडू लागते, आणि ती याचकाची असते. जे हक्काचे आहे ते कृपेने मिळते आहे, असे त्याला वाटू लागते. ज्या शिक्षणाने माणूस ताठ उभा राहावा त्याची सुरुवातच अशी वाकून होते. रकमेच्या विलंबाइतकेच हे नुकसान मोठे आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही खात्यात जमा होत नाही.

मग करायचे काय? आमची मागणी साधी, जवळजवळ व्याकरणाच्या पुस्तकातील आहे. स्थितीचे प्रत्येक वाक्य पूर्ण असावे. अर्ज कोणत्या पदावरील व्यक्तीकडे आहे, कोणत्या दिनांकापासून आहे, त्यावर कोणत्या दिनांकापर्यंत निर्णय होणे अपेक्षित आहे आणि थांबला असल्यास कोणत्या कारणाने, या चार गोष्टी त्यात असाव्यात. ‘अंडर स्क्रुटिनी’च्या जागी असे लिहिता येईल : ‘आपला अर्ज ३ सप्टेंबरपासून महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत वाचता येत नाही. नवी प्रत जोडावी. ती जोडल्यापासून पंधरा दिवसांत प्राचार्य निर्णय घेतील.’ या वाक्यांत अलंकार नाही, अवघड परिभाषा नाही. आमच्या त्या विद्यार्थिनीचे चार महिने मात्र त्यांत वाचले असते.

ही मागणी अवास्तव आहे असे कोणी म्हणेल, तर कायद्याने अशी भाषा वापरून दाखवली आहे, हे त्याच्या निदर्शनास आणावे लागेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी एक पदनिर्देशित अधिकारी असतो, नियत कालमर्यादा असते, सेवा नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते, त्यावर पहिले आणि दुसरे अपील करता येते, आणि पुरेशा कारणाविना चुकणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये शास्ती होऊ शकते. ज्या उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही, तो दाखला स्वतः या कायद्याखाली येतो. म्हणजे दाखल्याला कर्ता आहे, मुदत आहे. दाखला जोडलेल्या अर्जाच्या प्रत्येक टप्प्यालाही तीच शिस्त का असू नये? तोवर २००५ चा माहिती अधिकार आहेच. दहा रुपयांचे शुल्क भरून ‘माझा अर्ज कोणाकडे, कधीपासून आणि का’ असे विचारता येते, आणि सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण ज्याला मेसचे पैसे भरता येत नाहीत, त्याने आपल्याच अर्जाचा कर्ता शोधण्यासाठी दुसरा अर्ज करावा, ही स्थिती भूषणावह नाही.

एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. असे टेबल उघड दाखवले तर आधीच पिचलेल्या लिपिकावर रोष ओढवेल, त्याला धमक्या येतील. म्हणून आम्ही पदनाम म्हणतो, व्यक्तिनाम नव्हे. शिवाय कर्ता उघड होण्याचा लाभ लिपिकालाही आहे. एकाच टेबलावर किती अर्ज साचले आहेत हे जगाला दिसले, तर तेथे आणखी एका माणसाची गरज आहे हेही दिसेल. आज तो विद्यार्थ्याला दिसत नाही, तसाच वरिष्ठांनाही दिसत नाही. कर्ता लपवणारे वाक्य दोन्ही बाजूंनी अन्याय करते.

राहिला तो आमचा, म्हणजे साहित्य शिकवणाऱ्यांचा प्रश्न. संकेतस्थळ दुरुस्त करणे आमच्या हाती नाही. वाचायला शिकवणे हे मात्र आमचेच काम आहे, आणि या मजकुराच्या वाचनात आमचा विद्यार्थी एकटा पडू नये एवढे आम्हांला नक्की करता येते. म्हणून गेल्या वर्षापासून प्रयोगविचाराचा शेवटचा तास आम्ही वेगळ्या पद्धतीने घेतो. ज्यांची तयारी असेल ते विद्यार्थी आपल्या अर्जाची स्थिती कागदावर उतरवून आणतात. नाव लिहायचे नाही, प्रवर्ग लिहायचा नाही, फक्त ते वाक्य आणि दिनांक. मग सारा वर्ग मिळून त्या वाक्याचा कर्ता शोधतो : कोणत्या टप्प्यावर आहे, तो टप्पा कोणाचा, किती दिवस झाले. दुपारी ती यादी घेऊन आम्ही स्वतः कार्यालयात जातो. पहिल्या वर्षी यादीतील सात अर्ज आमच्याच इमारतीत सापडले.

ती विद्यार्थिनी आता तृतीय वर्षाला आहे. पैशांचा पहिला भाग तिला परीक्षा होऊन गेल्यावर मिळाला. यंदाच्या त्या तासाला ती पुन्हा मागच्या बाकावर होती. या वेळी तिने काही विचारले नाही. शेजारच्या मुलीच्या कागदावर ‘अंडर स्क्रुटिनी’च्या पुढे कंस काढून लिहिले, ‘कोणाकडून?’ आणि तो कागद आमच्याकडे पाठवून दिला.